दुसऱ्या खोलीचा पडदा

३ मार्च

प्रिय मावशी,

घर मिळालं. चौथा मजला, लिफ्ट नाही, दार निळं. भाडं माझ्या पगारात बसतं, म्हणून मी दोनदा विचारलं की इथे भूतबीत आहे का. घरमालकीण म्हणाली, "असतं तर त्यालाही काम लावलं असतं."

ती तळमजल्यावर राहते. पूर्वी टेलिफोन खात्यात होती, लोकांच्या तारा जोडायची. भाडं कमी ठेवते, पण प्रत्येक भाडेकरूकडे इमारतीचं एक काम देते. कोणी जिना झाडतो, कोणी टाकी बघतो. माझ्या वाट्याला टपाल आलं. खाली एकाच पेटीत सगळ्यांची पत्रं पडतात, ती दारोदार नेऊन द्यायची. आमच्या मजल्यावर सहा दारं आणि पाच भाषा आहेत. जिन्यात भेटलं की सगळे मान हलवतात. तेवढ्यावर भागतं.

गल्लीत एक बेकरी, एक चाव्या करणारा आणि एक दुकान जिथे फक्त सुटकेसची चाकं मिळतात. इथे सगळेच कुठून तरी आलेले आहेत, म्हणून ते चालत असावं.

कामावर दिवसभर कवळ्या. परवा एका आजोबांची त्यांच्या तरुणपणच्या फोटोवरून केली. पुढचे दोन दात जरा तिरके ठेवले. आमचे साहेब म्हणाले, तिरके दात मुद्दाम कोण करून घेतं? आजोबांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "हां, आलो." पेन्सिली कुरतडायचे म्हणून तू मला खारू म्हणायचीस. आता दात करूनच पोट भरते.

मुद्द्याचं. घराला दोन खोल्या आहेत. एक माझी, एक तुझी. तुझ्या पुतण्याने तुला जूनअखेर घर सोडायला सांगितलंय. मग कुठे जायचं, हा प्रश्न मिटला. शिवणाचं मशीन आण. बाकी काही आणू नकोस.

तुझी
खारू

१२ मार्च

चि. खारू,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा शंका आली. तेवढ्या भाड्यात दोन खोल्या? घरमालकीण भोळी आहे की तू?

पूर्वी सांगितलंय, पुन्हा सांगते. एकाच खोलीत मी येणार नाही. सासरी अकरा वर्षं मी मधल्या बोळात झोपले. सकाळी उठणारा प्रत्येक माणूस मला ओलांडून जायचा. चांगली माणसं होती. पाय लागला तर "झोप, झोप" म्हणायची. पण ओलांडली जाणारी बाई पुरती झोपत नाही. तुझं आयुष्य आत्ता कुठे सुरू होतंय. त्याच्या मधोमध मला अंथरूण घालायचं नाही. वेगळी खोली असेल, तिचं दार लागत असेल, तर येईन. नाहीतर पुतण्याने बायकांचं एक वसतिगृह बघून ठेवलंय. एका दालनात वीस खाटा. वीसही परक्या. परक्यांना आपली अडचण झाली तर आपल्याला वाईट वाटत नाही.

दोन्ही खिडक्यांची मापं पाठव, पडदे शिवते. मी दिलेली टेप आहे ना? तिचा पहिला इंच तू चौथीत असताना कापून बाहुलीला पट्टा केला होतास. तेव्हापासून तुझं प्रत्येक माप एक इंचाने फुगतं. तू फक्त वाचून लिही. वजाबाकी मी करते. तूही केलीस आणि मीही केली तर सत्यानाश.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसती "हो, हो" म्हणतेस आणि मग मला काही विचारायचं सुचत नाही.

मावशीचे आशीर्वाद

१९ मार्च

प्रिय मावशी,

मापं घे. माझी खिडकी, उंची ५२, रुंदी ४१. तुझी खिडकी, उंची ६०, रुंदी ३८. वजाबाकी केलेली नाही.

तुझ्या खोलीतून मागचं अंगण दिसतं. दोऱ्यांवर सगळ्या मजल्यांचे कपडे असतात. लांब झगे, गणवेश, आणि एक हिरवा सदरा जो कधीच आत जात नाही. सकाळी ऊन येतं. दार लागतं. कडी आतून आहे.

समोर एक म्हातारे घड्याळजी एकटे राहतात. त्यांच्याकडे दुरुस्तीची एकोणीस घड्याळं आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. बरोबर कुठलं, म्हणून विचारलं. म्हणाले, "घाई असेल त्याने रस्त्यावरचं बघावं."

वसतिगृहाचं नाव पुन्हा काढू नकोस.

खारू

६ एप्रिल

चि. खारू,

पार्सल पाठवलंय. तुझा पडदा फिका पिवळा. माझा गडद निळा. सकाळचं ऊन चांगलं, पण ते मी उठल्यावर यावं. दोन्हींची खालची पट्टी दोनदा दुमडलीय, वाऱ्याने उडणार नाही.

यापुढे पत्र मी शिवते त्या दुकानाच्या पत्त्यावर टाक. घरी टपाल नीट मिळत नाही. सध्या इस्पितळाच्या गणवेशांचं काम आलंय. मी बहुतेक वेळ दुकानातच असते. तब्येत बरी आहे, विचारू नकोस.

माझा पडदा लावल्यावर उजेड कसा पडतो ते लिही. खोटं लिहू नकोस. कापड मी ओळखते.

मावशी

१५ एप्रिल

प्रिय मावशी,

दोन्ही पडदे लावले. माझा असा बसलाय की खिडकीच त्याच्यासाठी पाडली असावी. तुझ्या खोलीत दुपारी निळा उजेड पडतो. पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. घड्याळजी बराच वेळ पडद्याकडे बघत उभे होते.

तुझी खोली रोज झाडते. तू ये.

खारू

२२ एप्रिल

आदरणीय बाई,

आपली ओळख नाही. मी आपल्या भाचीच्या समोरच्या दारात राहतो आणि घड्याळं दुरुस्त करतो. पार्सलच्या कापडावर आपला पत्ता होता, तो कापून ठेवला. आपली भाषा मी मोठेपणी गिऱ्हाइकांकडून शिकलो. कुठे उद्धट वाटलं तर दोष गिऱ्हाइकांना द्यावा.

आपण शिवलेला निळा पडदा भाचीने मला दिला. चौदा वर्षं मी खिडकीला वर्तमानपत्र लावत होतो. माझ्या मापाने कोणी काही शिवल्याला त्याहून जास्त वर्षं झाली. आपले आभार मानायचे होते.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा दोन दिवस विचार केला. माझा धंदाच असा की चूक दिसली की सांगावी लागते. पडदा एक इंच तोकडा आहे. बरोबर एक इंच. माप मीच माझ्या पोलादी पट्टीने घेऊन दिलं होतं, त्यामुळे ती चूक माझी असण्याची शक्यता कमी. पण त्या एका इंचातून सकाळी उन्हाची रेघ आत येते आणि टेबलापर्यंत पोचते. मला ती आवडू लागलीय. तेव्हा दुरुस्तीचा आग्रह नाही.

आपली भाची गुणी आहे. त्या एवढ्याशा एका खोलीत ती आपल्याबद्दल इतकं बोलते की तिची खाट तिथे कशी मावते, याचंच नवल वाटतं.

आपला
समोरच्या दारातला शेजारी

३० एप्रिल

घड्याळजींना नमस्कार,

आपलं पत्र मिळालं. तीस वर्षांत माझ्या हातून तोकडा पडदा गेलेला नाही. हाही गेला नसता. भाचीची टेप एका इंचाने खोटी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तिच्या प्रत्येक मापातून मी एक वजा करते. आपली पट्टी खरी होती. खऱ्या मापाची सवय राहिली नाही, ही चूक माझी.

खालची पट्टी दोनदा दुमडलेली आहे. शिवण उसवली की इंच निघेल. उसवायची की नाही, ते आपण ठरवा.

बाकी आपण जे लिहिलंत त्यातून मला समजायचं ते समजलं. आपला त्यात दोष नाही. तिला काही बोलू नका. सांगायचं तेव्हा तीच सांगेल.

कळावे.

५ मे

मावशी,

काल पेटीतली पत्रं लावताना तुझं अक्षर दिसलं. पत्र माझ्या नावाचं नव्हतं.

मीच ते नेऊन घड्याळजींच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं, वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चहा घेणार?" तेव्हा कळलं, तुला खरं समजलंय.

एकच खोली आहे. पंधरा फूट बाय अकरा, आणि हे त्यांच्या पट्टीने. एका कोपऱ्यात शेगडी. दुसऱ्या कोपऱ्यात न्हाणीघर, आतून लागणारं दार तेवढंच. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. दुसरी खिडकी त्यांची. अंगण त्यांचं. ऊनही त्यांचंच लिहिलं. शिवाय घरमालकिणीचा नियम आहे, एका खोलीत एकच माणूस. मी मनात म्हटलं, तू एकदा वर तर ये. हट्टी असलीस तरी चार मजले चढून आलेली बाई लगेच उतरत नाही.

खरं सांगितलं असतं तर तू त्या वीस खाटांत गेली असतीस.

माझ्या आयुष्याच्या मधोमध अंथरूण नको म्हणतेस. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, हातात एक पिशवी. तू त्या बोळातल्या अंथरुणावर सरकलीस. त्यानंतर लोक दोघींना ओलांडून जायचे. मला तसं कधी वाटलं नाही. मी भिंतीच्या बाजूला होते.

रागव. पण लिही.

खारू

२५ मे

मावशी,

वीस दिवस झाले. पेटी मीच उघडते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला दोषही देता येत नाही.

न राहवून काल पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू मार्चमध्येच गेल्या. तुमच्याकडे नाहीत?"

मावशी, कुठे आहेस तू?

१ जून

चि. खारू,

मी बरी आहे. दुकानात आहे. मार्चअखेरपासून इथेच राहते.

पुतण्या जून म्हणाला होता, पण त्याआधीच लोक घर बघायला येऊ लागले. प्रत्येक जण स्वयंपाकघरात उभा राहून विचारायचा, ही भिंत पाडता येईल का? एकदा मी त्या भिंतीला टेकून बसले होते, तरी विचारलं. पुतण्या वाईट नाही. त्याने मला जरा उठायला सांगितलं, तेही हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी मशीन उचलून निघाले.

दुकानाच्या मागच्या खोलीत कापड बेतायचं टेबल आहे, त्यावर झोपते. सहा फूट लांब, साडेतीन रुंद. तुझ्या खाटेहून मोठं असेल. आठला दुकान उघडायच्या आत अंथरूण गणवेशांच्या गठ्ठ्यात घालून ठेवते. दुकानाच्या मालकिणीला माहीत आहे. माहीत नसल्यासारखं दाखवते, हे तिचे उपकार. वसतिगृहात जाऊन आले. नाव यादीत घातलं. वर्ष लागेल म्हणाले.

तुझा इतका राग आला होता की काय सांगू. मनातल्या मनात तुला पानंच्या पानं लिहिली. पण लिहायला बसायचं ते त्याच टेबलावर. वर आपला पत्ता घालायची वेळ आली की हात थांबायचा. तू एका खोलीच्या दोन केल्यास. मी नसलेलं घर असल्यासारखं लिहीत होते. कोणी कोणाला रागवायचं?

मी येईन. पण चोरून नाही. लपत जिना चढणं मला जमायचं नाही, गुडघे वाजतात. घरमालकिणीला नीट विचार. नाही म्हणाली तर नाही म्हणून कळव. माझं मन राखायला शब्द फिरवू नकोस.

मावशी

१० जून

प्रिय मावशी,

विचारलं. झालं तसं लिहिते.

तिने रेडिओ बंद केला. म्हणाली, "एका खोलीत दोन माणसं म्हणजे भांडण. जन्मभर लोकांच्या तारांवर बसले होते, मला सांगू नकोस. तुम्ही भांडता?"

"नाही."

"मग तर मुळीच नको. न भांडणारी माणसं एक दिवस न सांगता निघून जातात."

"भांडतो," मी म्हटलं.

"आत्ता तर नाही म्हणालीस."

"जवळजवळ चार आठवडे बोलत नव्हतो."

"कशावरून?"

"पडद्यावरून."

मग तिने मला बसवलं आणि मी सगळं सांगितलं. कापड बेतायच्या टेबलापर्यंत आले तशी ती उठली, नळ सोडला, बंद केला आणि परत येऊन बसली. म्हणाली, "माझी थोरली बहीण मुलाकडे राहायला गेली होती. चार वर्षं. पाणी प्यायचं तरी विचारून प्यायची. त्यातच खंगली. माणूस पाहुण्यासारखं राहायला लागलं की मला बघवत नाही. एक महिना देते. महिन्याने वर येऊन बघेन. तुझी मावशी घरची दिसली तर राहील. पाहुणी दिसली तर दुसरी सोय बघ."

"ते तुम्हाला कसं कळणार?"

"कळतं. आणि दोन माणसं तर दोन कामं. कपडे वाळत घालायच्या गच्चीवरच्या दोऱ्या तिच्याकडे. कोण कुठली दोरी घेतो, यावरून रोज तंटे होतात."

आता शब्द फिरवलेला नाही. खोली एकच आहे आणि वेळ एक महिन्याचा आहे. येतेस?

खारू

१६ जून

अठ्ठावीसला निघते. मशीन उचलायला दोन माणसं बघ. चांगली धट्टीकट्टी बघ, कवळीवाली नकोत.

मावशी

(टेबलावर, २९ जून)

मावशी, हे वाचतेयस म्हणजे घड्याळजींनी किल्ली दिली. मी सहाला येते. मशीन चावीवाला आणि बेकरीवाला वर आणतील. दोघांचं बोलणं नाही, पण वजन अर्धं अर्धं घेतात. चहा वरच्या फळीवर. विचारू नकोस, घे.

(टेबलावर, ६ जुलै)

खारू, गच्चीवर जातेय. तुझा चहा झाकून ठेवलाय. तुझं कपाट उघडून एक खिळा घेतला, चालेल ना? मावशी

(टेबलावर, ७ जुलै)

मावशी, खिळा चालेल. हातोडीही चालेल. "चालेल ना" चालणार नाही. आठवडा झाला, तुझे कपडे अजून पेटीत आहेत आणि मशीनवर चादर आहे. खाट तुला दिली तर काठावर झोपतेस, जशी मध्ये कोणाची तरी जागा धरून ठेवलीय.

(टेबलावर, ७ जुलै, खाली)

काठावर झोपायची सवय आहे. जाईल.

(टेबलावर, २४ जुलै)

मावशी, पाच दिवसांनी ती वर येईल. गच्चीवर तू सगळ्यांना ओरडतेस असं ऐकते. खोलीत आलीस की आवाज नसतो. काल माझं दूध उतू गेलं तर तू पुसलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. लहानपणी यासाठी पाठीत धपाटा मिळायचा. निदान मशीन उघडून ठेव. तिला दाखवायला तरी.

(टेबलावर, २४ जुलै, मागच्या बाजूला)

दाखवायला म्हणून मी काहीही करणार नाही. दोघींनी मिळून केलं तेवढं पुरे. तुझ्या खोलीत तुझी वस्तू हलवताना हात मागे येतो, हे खरं आहे. ती आली की जे आहे ते बघेल. वाईट वाटून घेऊ नकोस. यादीत नाव आहेच.

(टेबलावर, २९ जुलै)

खारू,

दुपारी तिसऱ्या मजल्यावरची बस-ड्रायव्हर बाई धावत आली. कोटाचं अस्तर बाहीपासून फाटलेलं आणि चारला तिची ड्यूटी. गच्चीवर मी तिची दोरी सोडवून दिली होती, तेव्हापासून ती मला ओळखते. कोट काळा, दोरा काळा, आणि तुझ्या त्या कोपऱ्यात मेला उजेड कुठे आहे? सुई ओवेना. मग टेबल ओढून दाराशी नेलं. खाट आडवी होती ती भिंतीला लावली. मशीन खिडकीखाली घेतलं. मशीनच्या चाकात पेटी अडकत होती, म्हणून कपडे तुझ्या कपाटात टाकले. तुझे खालचे दोन कप्पे रिकामे केले. तुझं सामान वर कोंबलंय, इतके जुने मोजे कशाला ठेवतेस? टेबलावरचे दातांचे साचे फळीवर चढवताना एक फुटला. पुढचा दात नाही, दाढ आहे. दाढ कोणाला दिसते?

बाही लावत होते तेवढ्यात घरमालकीण आली. दारात टेबल, त्यामुळे तिला आडवं होऊन आत यावं लागलं. सगळं बघत उभी राहिली. म्हणाली, "भाचीला विचारलंत हे सगळं हलवताना?"

मी म्हटलं, "तिला काय विचारायचंय? ती दिवसभर असते कुठे? आणि तुम्ही जरा सरका, उजेड अडतोय."

ती सरकली. मग खाली गेली. आज महिना पुरा झाला, हे मला तेव्हा आठवलं. हातातली सुई तशीच राहिली. दहा मिनिटांनी चार मजले चढून ती पुन्हा आली, धापा टाकत. हातात रंग आणि कुंचला. टपालाच्या पेटीवर माझं नाव काय लिहायचं, ते विचारायला.

तुझ्या नावाखाली लिहायला सांगितलंय. जागा होती.

मावशी

(टेबलावर, ३० जुलै, सकाळी)

मावशी, काल घरात शिरताना टेबलावर आपटले. गुडघा सुजलाय. दाढ फुटली त्याबद्दल साहेबांना काय सांगू? आणि मोजे माझे आहेत. टेबल जागेवर ने.

(टेबलावर, ३० जुलै, खाली)

टेबल जागेवरच आहे.